बारा घरांचा नियम

अल मवालेह, मस्कत
४ मार्च २०१६

तीर्थरूप बाबा आणि आईस,

सविनय जयभीम. वि. वि. इथे मी, तृप्ती आणि मुलं, चौघेही बरे आहोत. इथून व्हॉट्सॅपचा फोन लागत नाही, आणि कागदावर लिहिल्याशिवाय तुम्हाला माझं काही पटतही नाही. म्हणून आपल्या सादिकभाईंच्या ताबिशबरोबर हे पत्र पाठवतोय. तो सोहारच्या कारखान्यातून सुट्टीवर निघालाय.

सोसायटीची नवी इमारत पुरी होत आली, असं आई परवा दोन मिनिटांच्या साध्या फोनवर तृप्तीला म्हणाली. अठ्ठावीस फ्लॅट तुम्हा सभासदांचे, आणि वरचे बारा कोणाला द्यायचे यावर तुम्ही मत घेणार. बाबा, शाळा जवळ आहे म्हणून ते मुलाबाळांच्या कुटुंबांना स्वस्तात द्यायचं मनातून काढून टाका. बारा घरं म्हणजे पंचवीस पोरं, जिन्यात सायकली आणि दुपारभर दंगा. सगळी इमारतच ज्येष्ठांसाठी ठेवा. तळमजल्यावर नर्स असू दे, आणि अठरा वर्षांच्या आतलं कोणीही महिन्याहून जास्त राहणार नाही असा नियम करा. ज्यांना शाळा हवी त्यांनी दोन स्टेशनं पलीकडे घर घ्यावं.

तुम्ही म्हणाल, पोरगा दगडासारखा झाला. पण आईला जिना उतरताना पाहून मी गेल्या खेपेला कसा परत आलो ते मलाच ठाऊक. मी तिच्याजवळ नाही, निदान नर्स तरी असू दे.

धाकटीला तुम्हाला मराठीत लिहायचं होतं. तीन शब्दांवर अडली आणि शेवटी चित्र काढलं, ते सोबत आहे. लोभ आहेच, तो असाच असू द्यावा.

तुमचा,
रुपेश


अंबरनाथ
१७ एप्रिल २०१६

चि. रुपेश यास,

सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद. चित्र मिळालं. त्यातला टकल्या मी आहे असं तुझी आई तेव्हा म्हणाली. मला तो पपई वाटला.

मतदान झालं. रविवारी वंदनेनंतर ऑफिसात तुझी पत्रं मी नेहमीच वाचून दाखवतो, तसं हेही सभेत वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मतं चौदा-चौदा पडली, आणि अध्यक्षाचं जादा मत माझ्याकडे. ते मी तुझ्या बाजूने टाकलं. खरं सांगतो, पत्र येईपर्यंत माझं मन दुसरीकडे होतं.

आता पाडायच्या आपल्या जुन्या इमारतीत भाड्याने राहणारी खतिजा तुला आठवत असेल. नवरा गेल्यापासून शिवणकाम करते, मुलगी यंदा पाचवीत जाईल. ही शाळा चालत येणाऱ्या मुलांनाच घेते. खतिजाला मत नाही, पण बोलायची परवानगी मागून ती उभी राहिली आणि आम्ही कुठे जायचं एवढंच तिने विचारलं. मी तिला तुझं उत्तर दिलं, दोन स्टेशनं पलीकडे. ती खाली बसली.

त्या दिवसापासून तुझी आई मला जेवायला वाढते, पण बोलत नाही. याच शाळेसाठी आपण वखारीमागच्या एका खोलीत नऊ वर्षं काढली, हे तिने मला एकदाच ऐकवलं. नर्स येईल तेव्हा येईल, सध्या या अबोल्यावर काही औषध असेल तर कळव. सुनेला आशीर्वाद, मुलांना पापे.

तुझे बाबा


अल मवालेह, मस्कत
३ जून २०१६

ती. बाबांस,

सविनय जयभीम. हे पत्र फक्त तुमच्यासाठी आहे. आईला सांगू नका, आणि कृपा करून रविवारी वाचू नका.

आमचं काम बंद झालं. अर्बाबने, म्हणजे आमच्या मालकाने, सगळ्या इंजिनिअरांना केबिनमध्ये बोलावलं, स्वतःच्या हाताने चहा दिला आणि प्रोजेक्ट खलास म्हणून सांगितलं. माणूस वाईट नाही, त्याचेही डोळे भरले होते. व्हिसा जुलैअखेरपर्यंत आहे. मी सोहारपर्यंत जाऊन विचारून आलो, कुठेच जागा नाही. तृप्ती मंडईतून पूर्वीसारखीच पेटी भरून भाजी आणते, कारण पोरांना अजून काही माहीत नाही.

ऑगस्टमध्ये आम्ही उतरणार, आणि तेव्हाच तुम्ही नव्या घरात जाल. तृप्तीच्या माहेरी दोन भाऊ, त्यांची कुटुंबं, तिथे जागा नाही. मुलांना शाळा हवी, शाळेला जवळचा पत्ता हवा. आणि तुमच्या घरी माझीच मुलं महिन्याभराची पाहुणी. हा नियम मीच तुम्हाला लिहून दिला, याची मला इतकी लाज वाटते की तृप्तीकडे बघवत नाही.

बाबा, नियमाची अजून नोंदणी झालेली नाही. दुसरं काही कारण सांगा, तक्रारी आल्या म्हणा, पण पुन्हा सभा बोलवा. तुमचा शब्द लोक ऐकतात. मी आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही, आज मागतोय.

रुपेश


अंबरनाथ
१७ जुलै २०१६

चि. रुपेश यास,

सप्रेम जयभीम व आशीर्वाद. तुला राग येणार आहे, तो आधीच येऊ दे. तुझं पत्र मी सभेत वाचलं, सगळं, न वाचण्याच्या विनंतीसकट. तुझं पहिलं पत्र वाचून मी लोकांची घरं घालवली. दुसरं खिशात ठेवून खोटं कारण सांगणं मला जमलं नाही. तुझी आई पहिल्या रांगेत होती. ती रडली, पण मला थांब म्हणाली नाही.

कोणी हसलं नाही. सादिकभाई उठले आणि उद्या आपला ताबिश पोराबाळांसकट असाच परत आला तर कुठे ठेवू, असं त्यांनी सगळ्यांना विचारलं. मग ज्याला त्याला आपापली मुलं आठवली. मी अध्यक्षपद सोडून खाली बसलो आणि मत दिलं नाही. एकोणीस विरुद्ध आठ मतांनी नियम रद्द झाला. मुलं आमच्या घरी राहतील, तुम्ही दोघंही या. एक खोली आणि स्वयंपाकघर आहे, सहाजण दाटीवाटीने मावू.

पण बारांपैकी सहा फ्लॅट मधल्या दोन महिन्यांत बाहेरच्या ज्येष्ठांना देऊन झाले होते, ते परत घेता येत नाहीत. उरलेल्या सहांसाठी तेवीस कुटुंबांच्या चिठ्ठ्या टाकल्या. त्यांत तुझं नाव घालू नका असं मीच सांगितलं. खतिजाचं होतं, ते निघालं नाही.

परवा ती घरी आली. शाळेचा अर्ज तिने आधीच आणून ठेवला होता. आता तिथे अर्ज संपलेत, तर रुपेशभाऊंच्या मुलीला होईल म्हणून देऊन गेली. ती वांगणीला, दोन स्टेशनं पलीकडे, खोली बघतेय. तुझी आई तिला चहा घे म्हणाली, ती थांबली नाही.

लोभ आहे, तू अबोला धरलास तरी राहील. अर्ज कपाटात ठेवलाय. त्यावर तिच्या मुलीचं नाव पेन्सिलीने लिहिलेलं आहे. मी ते खोडलेलं नाही. तू आलास की तूच खोड.

तुझे बाबा