निळ्या बादलीतले ठोकळे

कारेलीबाग, बडोदे
रविवार

प्रिय सलील,

प्रिय लिहावं की नाही, यात पाच मिनिटं गेली. शेवटी सवयीने लिहिलं. फोन केला असता तर तू मध्येच बोलला असतास आणि मी नेहमीसारखा गप्प बसलो असतो. म्हणून पत्र.

राजेश्वरीला जाऊन पावणेदोन महिने झाले. घर ठीक चाललंय. पोळ्या बाहेरून येतात. बाल्कनीतली तिची निळी बादली अजून तिथेच आहे, दहाव्या दिवशी तू ओतून टाकलीस तीच. सुतकात साठवलेलं पाणी घरात ठेवायचं नाही म्हणून तू पिंप, कळशा, माठ रिकामे केलेस, ते ठीक. पण बादलीत सिमेंट-वाळूचे ठोकळे मुरत ठेवलेत, हे बांधकाम करणाऱ्या माणसाला कळत नाही? ‘दादा, वहिनीचा हा कचरा तरी आता काढ,’ म्हणत तू ते उन्हात टाकलेस. तू खाली गेल्यावर मी ते परत पाण्यात ठेवले.

कचरा हा शब्द तू दुसऱ्यांदा वापरलास. पहिल्यांदा करजणला, मयंकभाईंसाठी तू बांधत होतास त्या गोदामात. गिलाव्यात फुटक्या टाइल्सची भुकटी घालायची कल्पना तिची होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं तिने हेच केलं. सिमेंटच्या पाच भागांतला एक कमी करायचा आणि तेवढी भुकटी घालायची. आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसवून तिने तुला सांगितलं होतं की हा माल सावकाश घट्ट होतो, तीन आठवडे तरी पाणी मारत राहा. तू लिहून घेतलंस. आणि सातव्या दिवशी पाण्याचा टँकर दुसऱ्या साइटवर पाठवलास. गिलावा बोटाने झडायला लागला म्हणून आम्ही दोघं बघायला आलो, तर तू तिच्यादेखत मयंकभाईंना म्हणालास, ‘भाभीए कचरो नखाव्यो.’ वहिनीनेच कचरा घालायला लावला.

मी चहा पीत होतो. तो मी संपवला. येताना तिने तुझ्याच साइटवरची वाळू आणि भुकटी पिशवीत घेतली. तेव्हा तिला आमचा एक मजला चढताना दोनदा थांबावं लागायचं. तरी बसून बारा ठोकळे केले, सहा भुकटीचे, सहा निव्वळ सिमेंटचे. मी म्हटलं, आता कशाला? म्हणाली, नव्वद दिवसांनी कळेल. पाणी कधी बदलायचं ते मला दोनदा समजावलं. अडतिसाव्या दिवशी ती गेली. तुझं बोलणं तिला किती लागलं, हे मी एकदाही विचारलं नाही. तुझ्यावरच्या रागात माझ्यावरचाही आहे, हे मला कळतं. त्याने तुझ्यावरचा कमी होत नाही.

काल नव्वदावा दिवस होता. तीन-तीन ठोकळे ओल्या गोणपाटात गुंडाळून रिक्षाने तिच्या कॉलेजात नेले. तिच्या हाताखाली शिकलेल्या तन्मयने ते मजबुती मोजायच्या यंत्रावर फोडले. भुकटीचे तीनही निव्वळ सिमेंटच्या बरोबरीला उतरले, एक तर थोडा वरचढ. तू उन्हात टाकूनही. आकड्यांचा कागद जोडला आहे. उरलेले ठोकळे घेऊन मी येत्या रविवारी करजणला येतोय. मयंकभाईंना गोदामावर बोलावून ठेव. पाणी तू बंद केलंस, हे माझ्यासमोर त्यांना सांग, त्या दिवशी बोललास त्याच भाषेत. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. माझं गुजराती तुझ्याएवढं चांगलं नाही, पण एवढं येतं.

अजूनही तुझाच,
आनंददादा