मानपत्रातला जीनियस

३ मार्च
चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

घड्याळजी संघ तुला मानपत्र देतोय, त्यात 'जीनियस' लिहिलंय, आणि भाषणात घालायला तुला त्या शब्दाचा अर्थ नि मूळ हवंय. तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण असा हौशी विद्यार्थी पाहिला नाही!

तर ऐक. आज त्याचा अर्थ लोकोत्तर बुद्धीचा माणूस. पण शब्द मूळचा लॅटिन. जुन्या रोमन लोकांत जीनियस म्हणजे जन्मापासून माणसाला सांभाळणारा अदृश्य सोबती. वाढदिवसाला त्याच्यापुढे धूप जाळत. कुणी स्वतः जीनियस नसे, ज्याला त्याला आपापला असे. पुढे शतकं लोटली आणि सोबत्याचं श्रेय माणसानं घशात घातलं.

तुझ्याकडे पाहता जुनाच अर्थ बरा. मागच्या महिन्यात तुमच्याकडे आठ दिवस राहिले, तेव्हा तुझ्या हातात कपबशी खडखडत होती. हा हात केसाएवढा स्क्रू बसवतो होय? गिऱ्हाईक गेलं की मागच्या खोलीत, पडद्याआड, डोळ्याला भिंग लावून तुझी बायको बसते, ते पाहिलंय मी. संघाला तिचं नाव सांग. आयत्या बिळावर नागोबा होऊ नकोस.
तुझी ताई

१० मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अर्थ झकास आहे, भाषणात घालतो. बाकीचं पत्र फाडून टाकलं. हात थरथरतो हे कळलं तर दुकानाकडे काळं कुत्रंही फिरकणार नाही. शिवाय हिला कुठे नावाची हौस आहे? विचारलं, तर भिंग पुसत बसली. लोभ असावा, टोमणे नसले तरी चालतील.
तुझा धाकटा

१८ मार्च
ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं फाडलेलं पत्र वाचलं. तुकडे चिमट्यानं जुळवले, सवय आहे.

समारंभ झाला. यश माझं नाही, माझ्या अदृश्य सोबत्याचं, असं ह्यांनी घडाघडा सांगितलं. काय तो विनय, म्हणून अध्यक्षांचे डोळे भरून आले. मग मला वर बोलावलं, ह्यांचा पुष्पगुच्छ धरायला. निघताना अध्यक्षांनी स्वतःचं बंद पडलेलं घड्याळ ह्यांच्याकडे दिलं. घरी येताच ह्यांनी ते माझ्यापुढे ठेवलं, नेहमीसारखं.

वन्सं, फार राग आला. घड्याळ उघडलंच नाही. आज सकाळी पडदा काढून धुवायला टाकला आणि माझं टेबल पुढे, रस्त्याकडच्या खिडकीशी ओढलं. आत्ता अध्यक्ष घड्याळ न्यायला आलेत. त्यांना म्हटलं, बसा, एवढं पत्र पुरं करते नि तुमच्यासमोरच उघडते. तेव्हापासून ते माझ्या भिंगाकडे बघताहेत. हे मागे चहा करताहेत, कपबशा इथवर ऐकू येतात.

माया आहेच, ती राहू द्या. पुढचं पत्र मात्र माझ्या नावानं टाका, म्हणजे जोडावं लागणार नाही.
तुमची भावजय