मुरमातलं वाळूक

१८ फेब्रु.
खोल्यांमागचा मुरमाड तुकडा मिळाला! घरमालकीण शांताकाकू म्हणाल्या, "लाव की. पर टँकरचं पानी न्हाई द्यायाचं." भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी चालेल. दुधी, ढेमसं, खरबूज, वाळूक टोकले. गावी दत्ताला, धाकट्या भावाला, फोन केला. तिकडे विहीर फाल्गुनातच तळ गाठते. त्याला कमी पाण्यावर येणारा वेल हवाय. निवडायचं काम माझ्याकडे.

११ मार्च
सगळे उगवले. दुधी सगळ्यांत जोरात. काकूंना त्याचंच कौतुक. कंपनीची बस चाकणच्या चौकात अडकली, अंधारातच वेल पाहिले.

२ एप्रिल
आजपासून पाणी बंद. मुद्दाम. हे चिडले, "चांगली झाडं मारतेस कशाला?" म्हटलं, इथं लाड केले तर दत्ताच्या रानात कसं टिकणार? बोलले खरी, पण तांदूळ धुतलेलं पाणी मोरीत ओतताना जिवावर आलं.

१६ एप्रिल
दुधी गेला. खरबुजाची पानं करपली. ढेमसं जगलंय, फळ धरेना. वाळकाचा कुंपणाकडचा वेल मात्र दुपारी मान टाकतो, सकाळी पुन्हा ताठ. हाच!
खरबुजाशी संकर नको म्हणून काल संध्याकाळी वाळकाच्या कळ्या दोऱ्यानं बांधल्या. आज शिफ्टच्या आधी नरफूल मादीफुलावर चोळलं. काकू कठड्यावरून, "लगीन लावतीस व्हय गं?"

१७ मे
फळ पिवळं झालं. तहानलेला वेल कडू फळ देतो म्हणतात. कडू निघालं तर सगळं वाया.
पहिली फोड काकूंना. चावत राहिल्या. चेहऱ्यावर काहीच नाही. मग, "कडू न्हाई. ग्वाड बी न्हाई. पर लई गार लागतंय." आणि दुसरी फोड उचलली! मी ओरडलेच. यांनी उभ्याउभ्या अर्धं संपवलं. वर काकू म्हणतात, "बी मला बी ठेव."
ठेवणार. आधी दत्ताला. धुऊन सावलीत वाळत घातलंय.

९ जुलै
दत्ताचा फोन. खडकाकडच्या पट्टीत लावलंय. पावसानं ओढ दिली, बाकी रान सुकलं, वाळूक पसरतंय. आवाजात केवढा आनंद! फुलं अजून नाहीत.
"आक्का, दोन घागरी घालू का?"
"नको."
घागर खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "बरं. न्हाई घालत."