सपाट माप

प्रिय चिमणे,

अक्षर बघून हसू नकोस. कँटीनच्या फळ्यावर रोजचे पदार्थ लिहायचा जाड काळा मार्कर मी निवृत्तीच्या दिवशी गुपचूप पिशवीत टाकला होता, तो आज कामाला आला. एका पानावर जेमतेम आठ ओळी मावतात. हे शेजारी बसून शाई वाळायला पानं पलंगावर पसरताहेत आणि विचारताहेत, पत्र लिहितेस की दुकानाची पाटी रंगवतेस? विचारू देत. फोनवर तुझ्याशी बोलायला जावं, तर तू तिसऱ्या वाक्याला माझ्या गुडघेदुखीवर येतेस आणि तुझं राहूनच जातं. पत्राला असं मधेच तोडता येत नाही.

तर बातमी अशी की आमच्या घरात कुत्रा आहे. हो, माझ्याच घरात. लहानपणी रस्त्यात कुत्रा दिसला की तुला पुढे करून तुझ्या मागे लपणारी मी, आता सकाळ-संध्याकाळ एकाला फिरवते. नाव ढब्बू. रंग पिवळसर, कान मऊ, आणि पाय असे की कुणा मोठ्या कुत्र्याचे उसने आणून लावलेत. आमच्या बाजाराच्या मागे एक केंद्र आहे, तिथे दृष्टी गेलेल्या माणसांना वाट दाखवणारे कुत्रे तयार करतात. पिल्लू वर्षभर कुणाच्या तरी घरी वाढवायला देतात आणि मग शिकवायला परत नेतात. ते वाढवायचं काम मी घेतलं. थांब, पान खाली ठेवू नकोस. आत्ता तुझ्या कपाळाला आठी पडली असणार, मी काय तुला आज ओळखते? आधी ढब्बूच्या खाण्याचं ऐक, कारण त्या पोराचं सगळं भवितव्य त्याच्या खाण्यावर अडलं होतं.

केंद्रातल्या बाईंनी पिल्लाबरोबर एक खाण्याची पिशवी, एक प्लॅस्टिकचं माप आणि एक शिट्टी दिली. दिवसातून तीनदा एकेक माप कोरडं खाणं. शिट्टी वाजवायची, मगच वाडगा खाली ठेवायचा. आपल्या ताटातलं काही द्यायचं नाही, जमिनीवर सांडलेलं तोंडात घेऊ द्यायचं नाही. उद्या हा कुणाला घेऊन रस्ता ओलांडत असेल आणि पलीकडे पावाचा तुकडा दिसला म्हणून वळला, तर मागच्या माणसाचं काय? मला ते पटलं. मी सगळं तंतोतंत पाळलं. निदान मला तसं वाटत होतं.

पण चिमणे, मी उभा जन्म कारखान्याच्या कँटीनमध्ये डाव धरलेली बाई. माझ्या हाताखाली किती बायका आल्या आणि गेल्या, पण भाताचा डाव कडेला घासून सपाट करून वाढणारी एकही टिकली नाही. माप म्हणजे शीग लावलेलं माप. वरून चार दाणे ओघळले नाहीत तर तो कंजूषपणा, असं मी सगळ्यांना ऐकवायचे. आता तीच मी आणि तेच हात. ढब्बूचं माप पिशवीत खुपसायचे आणि डोंगर करून वाडग्यात ओतायचे. तीन मापं सांगितली, मी तीनच दिली, माझ्या हिशेबी मी अगदी नियमाने चालले होते. हे एकदा म्हणालेसुद्धा, माझ्या ताटात अशी शीग कधी लावली नाहीस. मी म्हटलं, तुमचं वाढतं वय आहे का?

त्यात केंद्राची पिशवी संपली. दुकानात तसलं खाणं नव्हतं. दुकानदाराने दुसरी पिशवी पुढे केली, तिच्यावर एक दांडगा कुत्रा भिंतीवरून उडी मारत होता. दुकानदार म्हणाला, हे खाऊन पिल्लू बघता बघता घोडा होतं. मला आणखी काय हवं होतं? वर हाडं मजबूत व्हावीत म्हणून त्यानेच दिलेली एक पांढरी पूडही रोज चमचाभर घालायला लागले. आणि ढब्बू खरंच वाढला गं. शेजारीपाजारी थांबून विचारायचे, काय खायला घालता? मी अशी फुलून जायचे की पुसू नकोस. कँटीनमध्ये कुणी दुसऱ्यांदा ताट पुढे केलं की व्हायचं तसंच.

मग एक दिवस तो जिन्यापाशी बसून राहिला. वर यायला तयार होईना. पुढचे पंजे बाहेरच्या बाजूला वळलेले, आणि दोन पायऱ्या चढला की माझ्याकडे बघायचा. मी त्याला कसंबसं उचलून केंद्रातल्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी पाय चाचपले, वजन बघितलं, आणि मला म्हणाल्या, घरी माप भरता तसं इथे भरून दाखवा. मी दाखवलं. त्यांनी पट्टी घेतली आणि मापाच्या काठावरून फिरवली. वरचं सगळं टेबलावर पडलं. तो ढीग चांगला ओंजळभर होता. म्हणाल्या, हा रोजचा, तिन्ही वेळचा जास्तीचा. मोठ्या जातीच्या पिल्लाला लवकर मोठं करायचं नसतं हो. अंग पुढे धावतं आणि सांधे मागे राहतात. त्यात ती पूड तर विषासारखी. खाणं पिल्लाचंच हवं, तेही मोठ्या जातीच्या पिल्लाचं, आणि पिशवीवरचं चित्र नाही, मागचा बारीक मजकूर वाचायचा. हे असंच चाललं असतं तर याचे पाय कायमचे गेले असते, आणि अधू पायांचा कुत्रा आम्ही कुणाच्या हाती देत नाही.

मी तिथेच रडले. कुणाला उपाशी ठेवलं म्हणून कुणी मला बोललं असतं तर मी भांडले असते. पोटभर घातलं म्हणून बोलणी खायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. डॉक्टरबाई चांगल्या. त्यांनी पाणी दिलं, मग माझा हात घेऊन ढब्बूच्या बरगड्यांवर ठेवला आणि म्हणाल्या, डोळे मिटा. केसांमुळे नजर फसते, हाताला कळतं. आपल्या पालथ्या हातावरून बोट फिरवलं की हाडं जशी लागतात, तशा बरगड्या लागल्या पाहिजेत. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी डोळे मिटून त्याच्या अंगावरून हात फिरवते. सुरुवातीला नुसती गादी लागायची. आणि एक सांगू? डोळे मिटले की तुझीच आठवण यायची.

पुढचे दिवस काढले कसे ते आमचं आम्हाला ठाऊक. नवं खाणं एकदम देऊन चालत नाही, पोट बिघडतं, म्हणून जुन्यात थोडं थोडं मिसळत आणलं. माप भरलं की सुरीच्या पाठीने काठ साफ करायचा. पहिल्यांदा तो सपाट मापाचा वाडगा मी खाली ठेवला. ढब्बूने घास-दोन घासांत संपवलं आणि वाडगा नाकाने ढकलत माझ्या पायाशी आणून ठेवला. मी स्वयंपाकघराचं दार लावून आत उभी राहिले आणि तो बाहेर. यांनी एकदा बिस्किटाचा तुकडा सरकवला, पण चोरी लपली नाही, कारण ढब्बू दिवसभर यांच्याच खिशाला नाक लावून बसला. त्या दिवशी यांना मी काय काय ऐकवलं ते लिहीत नाही, मार्कर संपेल.

पण हळूहळू पाय सरळ झाले. गेल्या आठवड्यात शेवटची तपासणी होती. डॉक्टरबाईंनी त्याला लांब आवारात चालवलं, जिना चढवला, उतरवला, बरगड्यांवरून हात फिरवला आणि कागदावर सही केली. माझ्या हाताला आधीच कळलं होतं, तरी मी पुन्हा रडले. हे म्हणाले, हिला रडायला फक्त निमित्त लागतं.

आता तुझं. तुझ्या लेकीचा फोन आला होता, तिच्यावर रागावू नकोस. तू मला सांगितलंस की हाताला लागलं ते कपाटाचं दार. ती म्हणाली, फुटपाथची कड दिसली नाही म्हणून आई रस्त्यात पडली. आणि तेव्हापासून तू शाळेत गाण्याचा वर्ग घ्यायला गेली नाहीस, सुट्टी वाढवत चालली आहेस. शाळा दोन गल्ल्यांवर, आणि तुला पेटीच्या पट्ट्या बघाव्या लागत नाहीत, तरी पोरं तुझ्याशिवाय सूर लावताहेत. मधलं दिसतं पण कडेचं मिटत चाललंय, हे डॉक्टर तुला सांगून चुकलेत, हेही मला माहीत आहे. मागच्या वेळी तू आलीस तेव्हा जेवताना मी तुझा पेला हातात दिला, ताट वळवलं, वाढतच राहिले, कोपर धरून तुला बेसिनपर्यंत नेलं. तू अर्धपोटी उठलीस. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. ढब्बूच्या मापावरून पट्टी फिरली तेव्हा कळलं की मी तुझ्या पानातही शीगच लावत होते. कुणी धरून नेलेलं तुला सोसत नाही, लहानपणीसुद्धा तू आईचं बोट सोडून पुढे पळायचीस. मी केंद्रात बघितलंय गं. कुत्रा माणसाला धरत नाही. माणूस कुत्र्याला धरतो, आणि कुठे जायचं ते माणूसच सांगतो.

परवा ढब्बू केंद्रात परत जातोय. तो तुझ्यासाठी नाही, गैरसमज नको. कुणाची चाल कुणाशी जुळते ते बघून ते लोक ठरवतात, आणि तिथे कितीतरी जण आधीपासून वाट बघताहेत. तुझं तर नावही मी दिलेलं नाही, ते तू द्यायचं. पण तिथे मी पहिल्यांदा गेले होते ती तुझ्यासाठीच, चौकशीला. बाई म्हणाल्या, कुत्रेच पुरत नाहीत, कारण पिल्लं वाढवायला घरं मिळत नाहीत. माझ्या बहिणीसाठी कुणा अनोळखी बाईने वर्षभर जीव लावावा आणि मग दोरी सोडून द्यावी असं मला वाटत असेल, तर दुसऱ्या कुणाच्या बहिणीसाठी ते मी करायला नको? म्हणून ढब्बूला घेऊन घरी आले. तुझा कुत्रा आत्ता कुठल्यातरी घरी स्वयंपाकघराच्या दाराशी बसून वाडग्याची वाट बघत असेल. तिथल्या बाईने माप सपाट भरावं, एवढंच मी रोज शिट्टी वाजवताना मनात म्हणते. त्याचे पाय ती सांभाळेल. नाव तेवढं तू नोंदव.

तुझीच,
ताई