गोपालाचे वडील आणि तुझे

आई, आज सकाळी मी तुझ्या वडिलांना पाणी द्यायला ऱ्हाईन नदीवर गेले होते. हसू नकोस. मी, जी तुझ्या श्राद्धालाही कधी घरी नसते. सध्या कोलोनमध्ये एका बेकरीत लागले आहे. त्याआधी स्टुटगार्टला कॉलेज सोडलं, मधे एका हॉटेलात बेड लावले, ते सगळं पुन्हा कधीतरी. तर माझ्याबरोबर वोनुंगमध्ये, म्हणजे फ्लॅटमध्ये, राहणारी बंगाली मुलगी म्हणाली, आज महालया, आमचे लोक तर्पण करतात, इथे बायकांनी केलेलंही चालतं, चल. आपली सर्वपित्रीच की ती. गेले. काठावर दहाबारा जण, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, पाणी इतकं गार की मंत्र म्हणताना दात वाजतात. मंत्र सांगणारे काका एरवी सॉफ्टवेअरमध्ये. कुत्रा फिरवणाऱ्या एका जर्मन बाईनं काय चाललंय विचारलं, मेलेल्यांना पाणी देतोय म्हटल्यावर "आह, श्योन", छान, म्हणून पुढे गेली. तुझं नाव घेऊन पाणी सोडलं. मग काकांनी विचारलं, "माँ के पिताजी का नाम? उनके पिताजी? उनके?" आणि विचार करायच्या आत माझ्या तोंडून निघालं, "गोपाल, वप्यट, दयितविष्णू."

काका थांबले. "अरे बाबा, ये तो पाल राजा है!" सगळे हसले, मीही हसले. मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि हळूच म्हणाले, "मालूम नहीं है, ना?"

पुण्याचं स्वयंपाकघर. तू जमिनीवर विळी घेऊन बसली आहेस, पुढ्यात रोहू. "शशांक राजा गेला," तू सांगते आहेस, "आणि शंभरेक वर्षं बंगालात धड राजाच नाही. मोठा मासा लहान माशाला खातो, तसं. मत्स्यन्याय. शेवटी लोक कंटाळले आणि त्यांनी मिळून गोपालाला राजा निवडलं. निवडलं, ऐकतेस ना? त्याचा बाप वप्यट लढवय्या, आजा दयितविष्णू विद्वान. राजे नव्हते दोघं, तरी गोपालाच्या मुलानं त्यांची नावं ताम्रपटात कोरून ठेवली." मग धर्मपाल, देवपाल, आणि पाल घराणं थकल्यावर सेन घराणं, ते मूळचे कर्नाटकातले. "म्हणजे आमच्या शेजारचेच," बाबा दारातून. "हो ना, तुमच्या बाजूचे आले, आमच्यावर राज्य केलं आणि बंगाली होऊन बसले. मी उलटी सेन, बंगालातून तुमच्याकडे आलेली. राज्य कधी देताय?" "स्वयंपाकघर दिलंय की!" तू खवल्यांचा हात त्यांच्यावर झटकतेस. बाराशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा आजा तू मला पाठ करायला लावलास, आणि तुझे वडील कोण असं विचारलं की तुला नेमकी मोहरी वाटायची आठवण यायची. मीही विचारणं सोडलं. पुढच्या वर्षी तू गेलीस.

नदीवरून आले ती ओल्या पायांनीच बाबांना फोन लावला. "आईच्या वडिलांचं नाव काय?"

"कशाला?"

"तर्पणाला."

मग म्हणाले, "अगं, जिवंत माणसाला पाणी देतात का?"

मला वाटायचं, तुला माहेर नाही म्हणजे माणसंच उरली नाहीत. ते आहेत, आई. तुमच्या लग्नाच्या वेळी तुला दार लावलं त्याच कलकत्त्याच्या घरात. बाबा म्हणाले, दर विजयादशमीला तू त्यांचा नंबर फिरवायचीस, त्यांचा आवाज ऐकायचीस आणि न बोलता ठेवून द्यायचीस. "आणि ती गेल्यावर? कळवलं कोणी?" "मी सांगायलाच फोन लावला होता," बाबा म्हणाले, "पण पलीकडून त्यांचा आवाज आला आणि मला जमेना. ठेवला. मग दरवर्षी तसाच लावतो, न बोलता ठेवतो. त्यांना वाटतं ती आहे. आता कसं सांगू, तूच सांग." मला रागवायचं होतं, पण ते रडत होते. नंबर मात्र त्यांनी न अडखळता सांगितला.

हे पत्र कुठेच पोचणार नाही, म्हणून लिहिते. दुपारी मी तो नंबर लावला. सांगायचंच असं ठरवून. "तुमची मुलगी आता नाही" एवढं बंगालीत माझ्याबरोबर राहणाऱ्या त्या मुलीकडून शिकून घेतलं होतं, चार वेळा म्हणूनही बघितलं. पलीकडे उचललं. म्हाताऱ्या, कोरड्या आवाजानं कोण म्हणून विचारलं, "के?" मी गप्प. तेही गप्प, नुसता श्वास. मग त्यांनी एक हाक मारली. दोन अक्षरी, लहान मुलीला मारतात तशी. बंगाल्यांचं घरातलं नाव वेगळं असतं एवढं मला माहीत होतं, तुझं काय होतं ते नव्हतं. आज कळलं. वाक्य तयार होतं, आई, अगदी जिभेवर होतं. मी "हं" म्हणाले.