तांदळाचं पुन्हा धान

धानोरा

तीर्थरूप मुखरूभाऊंस रामाजीचा नमस्कार (गुडघ्यामुळे उभ्यानेच). तुमची शुगर, वहिनींची कंबर आणि शेजाऱ्याशी चाललेलं बांधाचं भांडण, तिन्ही जागच्या जागी असतील अशी आशा आहे. फोनच केला असता. पण तुम्ही स्पीकरवर बोलता, आणि हे प्रकरण तुमच्या सिंदेवाहीभर ऐकवण्यासारखं नाही.

झालेली गोष्ट उलटी फिरवता येते काय, असा प्रश्न आहे. तुमची बहीण कांता लग्नात आईनं दिलेलं धान घेऊन आली आणि दरसाल त्यातलंच बियाणं राखून पेरते, हे तुम्ही जाणता. परवा घरचे तांदूळ संपले. कांता बचत गटात गेलेली. मी (न सांगता काम करणारा नवरा फार घातक) कोपऱ्यातलं पोतं उचललं आणि दसरूच्या गिरणीत कांडून आणलं. पोतं रिकामं झाल्यावर तळाशी कडुलिंबाचा पाला दिसला. पाला बियाण्यात घालतात, हे ज्ञान मला तेव्हा झालं! दसरूला म्हटलं, परत कर. तो म्हणतो, "भाऊजी, तांदूळ तुमचे, तूस तुमचं, कोंडाबी तुमचाच. माह्याकडं काई नाई राह्यलं. जोडून घ्या ना!"

घरी खुशबूला विचारलं (आमची कन्या, भौतिकशास्त्र शिकते; फी भरल्याचा पश्चात्ताप नुकताच झाला). म्हणे, "बाबा, तत्त्वतः होऊ शकते. एकेक कण आला तसा उलटा गेला का झालं धान. नियमात कुठीच मनाई नाई." कधीपर्यंत? तर विश्वाचं वय पुरणार नाही. भाऊ, रोपांसाठी पऱ्हे मृगात टाकायचे आहेत!

तरी दुपारभर तांदूळ, तूस आणि डिंक घेऊन बसलो. एक दाणा जमला, दिसायला अस्सल. पाण्यात टाकताच दोघांचा घटस्फोट. (आमच्याकडच्या बऱ्याच योजना अशाच: माल सगळा हजर, उगवत तेवढं नाही.)

बाकी खुशाल.

आपला,
रामाजी

ता. क. आईचं तेच बियाणं तुमच्याकडेही आहे. दोन पायल्या गुपचूप पाठवा. कांता ओरडली तर ऐकून घेईन. रडली तर काय करायचं असतं, ते मला येत नाही.

आणखी ता. क. पाकीट कांताच टपालात टाकणार आहे. म्हणून भाताच्या शितांनी पक्कं चिकटवणार आहे.

भाऊ, मी कांता. शितानं चिकटवलेलं पाकीट वाफेवर धरलं का सुटते, अन् शितानंच पुन्हा चिकटते. हे उलटं होते. बियाणं माह्या ट्रंकेत आहे, कुलपात. त्यायनं कांडलं ते खायचं धान. पाला तर साऱ्याच पोत्यायमधी टाकला होता. त्यायले सांगू नको. परवापासून भांडे घासून राह्यले. बियाणं पाठवजो, पण घाई करू नको.