मुकादमाची रात्रपाळी

४ जानेवारी

ती. ताईस,

शि. सा. न. साष्टांगच, कारण उभं राहायचं त्राण उरलेलं नाही.

तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि येत नाही हे कबूलही करवत नाही, म्हणून हे पत्र. एकोणीस रात्री माझी झोपमोड होतेय. कोणामुळे? आमचे मुकादम! बेकरीतल्या पोरांनी कुत्र्याचं हे नाव ठेवलं तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. आता भोगतोय.

भट्टी मुलाच्या हवाली केली त्याला चार महिने झाले. चिरंजीव यंत्रांवर पाव करतात, सहाला उठतात आणि त्या कापसाला पाव म्हणतात. ते असो. पण मुकादमसाहेब निवृत्त व्हायला तयार नाहीत. माझी भट्टी पेटवायची वेळ पावणेतीनची. बरोब्बर पावणेतीनला हा बोंब ठोकतो. नुसतं भुंकून भागत नाही, मेला मला अंथरुणातून ओढून काढतो. डोळे उघडावेत तर मी पुढच्या दाराशी उभा, पायात चपला आणि याच्या दातांत माझा लेंगा! तीन लेंगे फाडलेत आजवर.

मग तान्ही नात दचकून उठते, सून उठते आणि मुलगा येऊन माझ्याकडे असं बघतो, जसा काही मीच भुंकलो. उपाय सगळे झाले. संध्याकाळी लांब फिरवलं, मीच दमलो. कुत्र्यांना शिकवणारा एक मास्तर आणला. तो तासभर बोलला, तेवढा वेळ मुकादम मस्त झोपला. मास्तर म्हणाला, प्रगती आहे. अशा गाढवाला मी वर चहा पाजला.

मुलाने रविवारची मुदत दिलीय. नाहीतर कुत्रा परक्या घरी जाणार. जाऊ दे, ब्याद टळेल. पण परक्याच्या हातचं तो खात नाही. उपाशी मरेल मूर्ख. म्हणून आपलं तुला विचारतो, थोडे दिवस ठेवून घेशील का त्याला?

लोभ आहेच, त्यातला थोडा चार पायांकडे वळवावास.

तुझा,
भाऊ

९ जानेवारी

चि. भाऊस,

अनेक आशीर्वाद. त्यातला एकही कुत्र्यासाठी नाही.

पत्र वाचून कीव आली. तुझी नाही, लेंग्यांची. पन्नास माणसांना दम देणारा तू, एका शेपटीवाल्यापुढे पार शेळी झालास? लहानपणी मांजराला घाबरून माझ्या पाठीमागे लपायचास, त्यात काडीचा फरक पडलेला नाही.

मी तीस वर्षं रात्रपाळीची नर्स होते. माझ्या वॉर्डात पावणेतीनला कोणाची हूं की चूं करायची हिंमत नव्हती. पाठवून दे त्याला. पंधरा दिवसांत सरळ करते. चादर, ताटली त्याची त्याने आणावी. पलंगावर चढू देणार नाही, हेही त्याला सांग.

प्रकृतीला जप. अक्कल असती तर तीही जप म्हटलं असतं.

तुझी,
ताई

१७ जानेवारी

चि. भाऊस,

आशीर्वाद, पण रागाने.

तुझा तो राक्षस इथे सकाळी साडेसातपर्यंत घोरतो. पहिल्या रात्री मी पावणेतीनला पट्टी घेऊन बसले होते. साहेबांनी एक डोळा उघडला, माझ्याकडे तुच्छतेने पाहिलं आणि कूस बदलली. चार रात्री झाल्या, तेच. शेवटी मीच हलवून उठवते. तूच काहीतरी वेडेपणा करत असणार. कुत्रा शहाणा आहे, मालकाबद्दल खात्री देता येत नाही.

सगळ्यांना आशीर्वाद, तुला सगळ्यात कमी.

ताई

२२ जानेवारी

ती. ताईस,

सा. न.

कुत्रा भुंकत नाही म्हणे! अगं, ढोल वाजला तरी तुला उंबऱ्यात कोणी आलं का असं वाटतं. खालच्या बिऱ्हाडाला विचार.

इथे मी ढाराढूर झोपतोय. घरात शांतता, मुलगा खूश. फक्त सकाळी उठल्यावर पोटऱ्या दुखतात. चपलाही जागेवर नसतात, वर त्यांना चिखल. सून घालून अंगणात जात असणार. सासऱ्याच्या चपला! बोललो नाही, उगाच वाद कशाला.

मुकादम नीट जेवतो ना? सहज विचारलं.

तुझा,
भाऊ

२५ जानेवारी

चि. सूनबाईस,

आशीर्वाद नंतर. हे पत्र संपायच्या आत पुढच्या दाराला कुलूप घाल आणि किल्ली तुझ्याजवळ ठेव.

सासऱ्यांच्या चपला तू घालत नाहीस, हे मला ठाऊक आहे. खालच्या बिऱ्हाडाला विचारलं, कुत्रा खरंच भुंकलेला नाही. अगं, तुझे सासरे झोपेत चालतात. कुत्रा त्यांना उठवत नव्हता, दारातून मागे ओढत होता! असे कितीतरी रोगी मी हाताला धरून खाटेवर नेले, आणि सख्ख्या भावाने लेंगा, दार, चपला सगळं लिहून कळवलं तर मी त्याच्या शेळपटपणावर विनोद करत बसले. आग लागो माझ्या तीस वर्षांना.

आत्या

२९ जानेवारी

ती. आत्याबाईंस,

सा. न. वि. वि. हे पत्र घेऊन तुमचे भाचेच येत आहेत.

तुमचं पत्र काल दुपारी मिळालं. एका रात्रीचा उशीर झाला. काल पहाटेच बाबा मोठा रस्ता ओलांडून बेकरीच्या बंद शटरपाशी गेले. तिथे दुधाच्या गाडीवाल्याने ब्रेक दाबला म्हणून वाचले. धक्का लागून पडले, गुडघा फुटलाय. त्यानेच घरी आणून सोडलं. आम्हाला कोणालाच जाग आली नव्हती. कशी येणार? जागं करणाऱ्याला आम्हीच हाकलून दिलं होतं.

हे रात्रभर रडले. बाबा मुकादमाच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत बसतात. कृपा करून त्याला यांच्याबरोबर पाठवा.

आपली,
सून

३ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. गुडघ्यामुळे साष्टांग जमणार नाही, उभ्यानेच घे.

मुकादम पोचला. तू त्याला लाडावून ठेवलंयस, थेट माझ्या पलंगावर चढला. पलंगावर चढू देणार नव्हतीस ना? ढोंगी!

दाराला कुलूप आहे, डॉक्टरही झाले. तो डॉक्टर म्हणजे त्या मास्तराचा भाऊ शोभेल. पण काल पावणेतीनला परत दाराशी जाग आली. लेंगा चौथा. मुलगा धावत आला आणि ज्याला हाकललं होतं त्याच्या गळ्यात पडून रडला. कुत्र्याने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शाब्बास.

एक गोष्ट कोणाला सांगितली नाही, तुला सांगतो. त्या पहाटे शटरपाशी पडल्यावर जाग आली, तेव्हा मी कुठे आहे तेच कळेना. अंधार, थंडी, गुडघ्यातून रक्त. फार घाबरलो, ताई. मुलाला हाक मारली नाही, देवालाही नाही. म्हणालो, मुकादम, चल रे घरी. आणि लेंगा ओढायला कोणी नव्हतं.

माया आहे तशीच ठेव, आणि येताना लेंग्यांचं कापड आण.

तुझा,
भाऊ